बापूरावांचा जोड

बापूराव ढोकांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी माझा जेवणाचा डबा उचलला, बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली आणि म्हणाले, "डबा चांगला आहे साहेब. झाकण दुसऱ्याचं आहे." खानावळीत चौकशी केली, तर खरंच झाकण बदललेलं निघालं.

एकाहत्तरच्या लढाईनंतरचे दिवस. नागपुरातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत लष्करी गाड्यांसाठी चिलखत घडवण्याचं काम चाललं होतं. पोलादाचं चिलखत इतकं जड, की गाडी चिखलात रुते. परदेशी हलकं चिलखत इतकं महाग, की फाईल रुते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरून ते इथेच करायचं ठरलं. मी पुण्याहून आलेला नवा अधिकारी, आणि काटोलकडचे बापूराव वेल्डिंगचे फोरमन.

"स्वस्त, हलका आन् मजबूत!" ते म्हणत. "असा जावईबी भेटत नाही साहेब, पत्रा कुठून भेटन?"

पण दोन वर्षांनी भेटला. सरावाच्या मैदानावर गोळ्या झाडल्या, एकही आरपार गेली नाही. लष्कराचे अधिकारी खूश झाले. आमचे मोठे साहेब चहा मागवणार, तेवढ्यात बापूराव पुढे झाले.

"साहेब, साऱ्या गोळ्या मधातच मारल्या. जोडावर एक मारून पाहा."

"जोड तर तुम्हीच केलाय ना, बापूराव?"

"म्हणूनच सांगून राहिलो."

जोडावर गोळी बसली आणि प्लेट टरकन उसवली. मोठ्या साहेबांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. मंजुरी लांबली. परतताना जीपमध्ये मी चिडून विचारलं, "काय गरज होती?"

"काहून गा, दुश्मन काय जोड सोडून मारते?" ते म्हणाले. स्वतःचंच काम त्यांनी चारचौघांत फाडून दाखवलं होतं. पुढचे चार दिवस त्यांनी कोणाची चेष्टा केली नाही. सगळी कार्यशाळा काळजीत पडली.

दोष मला कागदावर सापडला : वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारची पट्टी मऊ पडत होती. त्यांनी उपाय हाताने शोधला. एका प्लेटच्या कडेला खाच पाडून दुसरी तिच्यात बसवायची, म्हणजे मऊ पट्टी टणक धातूआड लपते. कितीतरी नमुने त्यांनी स्वतःच मोडीत काढले.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी ते हातात लग्नातला कोट घेऊन आले आणि प्लेटच्या मागे त्यांनी तो टांगला. मोठे साहेब म्हणाले, "हे काय सोंग?"

"अंदर माणूस बसन ना साहेब."

जोडावर पाच गोळ्या बसल्या, जोड टिकला. टाळ्या पडल्या. बापूराव मागे गेले आणि कोट घेऊन आले. कोपरावर वाटाण्याएवढं भोक. गोळी अडली होती, पण प्लेटच्या आतल्या बाजूने धातूची कपची उडाली होती.

"किरकोळ आहे," मोठे साहेब म्हणाले.

"किरकोळ? साहेब, इथं कोनाचं तरी कोपर राहते." मग हळूच म्हणाले, "आन् घरी बायकोले काय सांगू, तेबी लिहून द्या."

साहेबांना हसू आवरेना, पण मंजुरी त्यांनी स्वतःच थांबवली. कपची उडणं थांबवण्यात आणखी तीन महिने गेले. तिसऱ्या वेळी बापूरावांनी माझा कोट टांगला. तो धड परत आला, आणि चिलखत मंजूर झालं.

पुढे ते निवृत्त झाले. काटोलच्या बसमध्ये मी त्यांना बसवून दिलं. आमच्या चिलखताच्या गाड्या सीमेवर जाऊ लागल्या होत्या. मी म्हणालो, "बापूराव, त्यात बसणाऱ्या जवानांना तुमचं नाव कळायला हवं."

त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "नाही गा. त्याले जेवणाची आठवण यावी, घरची यावी. पत्र्याची आठवण आली, म्हंजे पत्रा फाटला समज."