तिच्या टाकीतलं पाणी

भंडाऱ्यात शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात ती बाई मला एकदाच भेटली आणि तेव्हापासून मी जळतोय. माझी काचेची टाकी हातभर लांब, पण शेवाळ एवढं, की म्हैस सोडली असती तर आठवडाभर चरली असती. म्हणून शेवाळ खाणारा सगळ्यात मोठा सकर मासा मी मागत होतो.

ती पवनीहून एसटीनं आली होती. मांडीवर स्टीलचा डबा घेऊन गोगलगायींच्या बरणीसमोर बसली होती. कोणती काच चाटते अन् कोणती नुसती झोपते, हे तासभर पाहून तिनं दोनच निवडल्या.

मग मोबाइलवर तिनं आपली टाकी दाखवली. पाणी असं, की मासे हवेत लटकलेत! आणि सगळे तिच्याकडे तोंड करून. मीही माझ्या टाकीचा फोटो दाखवला. तो दोन बोटांनी मोठा करत ती म्हणाली, "सकर नोका नेऊ भाऊ, तो टाकीएवढा होते. तळाचे दाणे पाहा, त्यानंच शेवाळ वाढते. माशायले भूक लागते म्हणून नाही, ते तुमच्याकडे धावत यावे म्हणून टाकता ना?"

"छे!" मी म्हणालो. दुकानातले झाडून सगळे मासे हसले.

मीही दोन गोगलगायी आणल्या, दाणे चिमूटभर केले. महिन्याभरात पाणी निवळलं. बायको म्हणते, "आता टाकी मस्त दिसून राहिली." पण मी जवळ गेलो तर एकही मासा वळून पाहत नाही.

तिचे सगळे तिच्याकडेच पाहत होते. ती काय करते, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.