एका कडेने चिकटवलेली दुरुस्ती

मेश्राम काका गेल्याचा फोन आला, त्याला पाच आठवडे झाले. वाचनालयाचे चिटणीस बोलत होते. "सकाळी उघडाले आले नाही, म्हणून घरी पाहाले गेलो, तं..."

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर काकांनी उत्तर नागपुरातले हे वाचनालय चालवले. लोक तिथे कायदा विचारायला येत आणि काका संविधानाच्या एका जुन्या प्रतीतून वाचून उत्तर देत. प्रत वडिलांची होती. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर घरात विकत आणलेले पहिले पुस्तक. तिच्यात पेन्सिलची खूणही त्यांना चालत नसे.

नरखेड तालुक्यातल्या वनमालाबाई आल्या, तेव्हा वाचनालयात मदतीला जाणारा मीही तिथेच होतो. त्यांच्या संत्र्याच्या बागेत नोटीस न देताच रस्त्याचे काम सुरू झाले होते. काकांनी मालमत्तेचे कलम वाचले आणि सांगितले, हा मूलभूत हक्क आहे, थेट सुप्रीम कोर्टात जाता येते. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून वगळला होता. वडिलांची प्रत त्याआधीची. मलाही ते त्या वेळी आठवले नाही. बाईंना ते वकिलाने सांगितले, हसून.

कळताच काका एसटीने त्यांच्या गावी निघाले. मी सोबत होतो.

"ताई, म्या तुमाले चुकीचं सांगतलं."

"भाऊ, त्यायची मशीन टाइमावर आली, तुमचं पुस्तकच लेट चालून राह्यलं," बाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "म्हंजे बाग गेलीच का?"

"नाही. हक्क मूलभूत नाही राह्यला, पन कायद्याशिवाय जमीन आजही घेता येत नाही. दिल्लीले जायचं काम नाही. आपल्या नागपूरच्या हायकोर्टात जा."

कोर्टाने काम थांबवले. पुढे रीतसर नोटीस निघाली, सुनावणी झाली आणि अर्धी बाग गेली. अर्धी राहिली, विहिरीसकट.

त्यानंतर काकांनी नवे कलम कागदाच्या पट्टीवर लिहून वडिलांच्या प्रतीत चिकटवले, फक्त एका कडेने. जुने काहून ठेवता, असे मी विचारल्यावर म्हणाले, "काय होतं तेच दिसलं नाही, तं काय बदललं ते कसं समजन?" मग एकेक करत साऱ्याच दुरुस्त्या तशा लागल्या.

गेल्या आठवड्यात वनमालाबाई वाचनालयात आल्या. मालमत्तेच्या कलमाचे पान मला उघडायला लावले, पट्टी उचलून खालचा मजकूर सावकाश वाचला.

"हे असतं, तं पूरी बाग वाचली असती का?"

मी तो मजकूर पुन्हा वाचू लागलो.

"भाऊ असते, तं पाहून सांगतो म्हनले असते," त्या म्हणाल्या, आणि पट्टी खाली करून तळहाताने सपाट केली.