पिवळ्या कण्हेरीचं कुंपण

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. आमच्या क्वार्टर्सच्या पुढे पिवळ्या कण्हेरीची रांग होती, बारमाही फुललेली. लग्न होऊन मी अमळनेरजवळच्या खेड्यात आले तेव्हा सासरचं अंगण अगदी उघडं वाटलं. गोठा, कडब्याची गंजी आणि मधे नुसती पांढरी माती. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते म्हणाले, कुंपणाला निंब लाव, बोर लाव, आपल्या मातीत आपोआप वाढतात. मला ती झाडं रानटी वाटली. पुढच्या माहेरपणात मी पिवळ्या कण्हेरीच्या बिया पदरात बांधून आणल्या. पहिल्या उन्हाळ्यात महिन्याचे चार दिवस मी लांब बसले की रोपांना पाणी आबाच घालत.

चार वर्षांत कुंपण डोक्याच्या वर गेलं. येणाऱ्याजाणाऱ्या बाया फुलं मागून नेत आणि मी फुशारून जाई.

पोळा चार दिवसांवर आला होता. अंगण नीट दिसावं म्हणून मी सकाळी कोयत्यानं कुंपण छाटलं, वाढलेलं गवतही उपटलं. सगळ्याचा एकच ढीग झाला. हिरवा पाला वाया कशाला घालवायचा म्हणून दोन भारे उचलून मी स्वतः आमच्या दोन बैलांपैकी तांबड्याच्या गव्हाणीत टाकले.

दुपारी आमचा तांबडा बैल खाली बसला. तोंडातून फेस यायला लागला, पाय ताठ झाले. आबांना वाटलं पान लागलं, साप चावला. त्यांनी खुरापासून मानेपर्यंत हात फिरवून पाहिलं, दाताची खूण कुठे दिसेना. गावाची गुरं राखणारे म्हातारे नाना धावत आले. त्यांनी बैलाच्या जबड्यात बोटं घालून अर्धवट चघळलेलं पान काढलं, चुरगाळून हुंगलं आणि माझ्या कुंपणाकडे पाहिलं.

"हाई इख शे," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. ज्या झाडाखाली मी लहानपणी खेळले ते विष कसं असेल? नाना आबांना सांगत होते की पानापेक्षा बी जहाल, दोनचार बिया माणसालाही पुरतात.

बी हा शब्द कानावर पडला आणि मी ओट्याकडे वळून पाहिलं. माझी तीन वर्षांची मुलगी तिथे त्याच कण्हेरीच्या फळांच्या आठोळ्यांनी खेळत होती. गेले कित्येक महिने ती त्यांचंच घरघर खेळत होती. मीच तिला वेचून द्यायची. मी धावत जाऊन तिचं तोंड उघडलं, जिभेखाली बोट घातलं. ती घाबरून रडायला लागली. तोंडात काही नव्हतं. तरी मी पुनःपुन्हा बोट घालून पाहत होते, शेवटी सासूबाईंनी तिला माझ्याकडून काढून घेतलं.

बैल दिवस मावळायच्या आत गेला. कोणी रागावलं असतं तर मला रडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकेक झाड मुळासकट उपटलं. जाळू नका, धूरही वाईट, असं नाना सांगून गेले होते. यजमानांनी गावाबाहेर खोल खड्डा खणून सगळं पुरलं. त्या पोळ्याला आमचा उरलेला बैल एकटाच वेशीपर्यंत गेला. मी दारातून पाहिलं आणि आत वळले.

आठवड्याभरानं आबा रिकाम्या कुंपणाशी उभे होते.

"आते काय लावशी, माय?"

मी म्हटलं, मी आता काहीच लावणार नाही, माझ्या हाताला यश नाही. आबांनी ते ऐकलंच नाही असं केलं. संध्याकाळी त्यांनी नाल्याकाठची निंबाची आणि बोरीची रोपं मातीसकट आणून ठेवली, खड्डेही स्वतः खणले. पण रोप हातात घेईनात. मी बाहेर येईपर्यंत ते खड्ड्याशी उकिडवे बसून राहिले.

निंबाची दोन रोपं मी लावली. मग दारापुढची कण्हेर काढून टाका असं वडिलांना पत्र लिहायला बसले, तर पहिल्या ओळीच्या पुढे जाता येईना. क्वार्टर्सच्या त्या रांगेशी तेव्हा माझ्या भावाची मुलं खेळत होती.