देव उठायच्या आधीचा आवळा

महाराष्ट्र राज्य नवीनच झालं होतं. दिवाळी तोंडावर आली होती आणि उंद्रीच्या आमच्या घरात माय भाकरी दुधात कुस्करून खात होती. हिरड्या सुजलेल्या, चूळ भरली की पाणी लाल. पुढं तर ती कुस्करलेली भाकरीही अर्धी टाकू लागली.

चिखलीच्या डॉक्टरांनी तपासलं. "क जीवनसत्त्व कमी पडलंय. रोज आवळा द्या. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं त्यात."

"किती पट?" मी विचारलं. मला आकडा लागतो.

"पुष्कळ पट," ते हसून म्हणाले.

आमच्या बांधावरचं आवळ्याचं झाड लगडलेलं होतं. संध्याकाळी ओंजळभर आवळे आणून मी मायपुढं ठेवले. तिनं हात लावला नाही. तुळशीचं लग्न लागेपर्यंत नवा आवळा, नवं बोर तोंडात घालायचं नाही, हा तिचा सासरी आल्यापासूनचा नेम.

"देव उठला नाही अजून, अन् मी आवळे खाऊ?"

"औषध म्हणून खाय, माय."

"औषध म्हणलं म्हणून आवळ्याचं काय कारलं होते?"

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच म्हणालो, चटणीत वाटून टाक, कळणार नाही.

"मी नाही त्यायचा नेम मोडत," ती म्हणाली. "पण तुम्ही झाडाकडंच काऊन पाहून राह्यले? फळीवर पाहा."

फळीवरच्या बरणीत गेल्या हिवाळ्यात मीठ लावून वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी होत्या. बायकोनं बरणी मायपुढं नेली.

"हे चालते," माय म्हणाली. "यायच्यावरून मागच्या सालचं तुळशीचं लग्न होऊन गेलं." आणि एक फोड गालात धरली.

उन्हात वाळून त्यात काय उरलं असेल, ही शंका मी डॉक्टरांना विचारली. बाकीच्या फळांतलं बरंच जातं, आवळ्यातल्या तुरट द्रव्यांमुळं टिकतं असं मानतात, ते म्हणाले. आकडा त्यांच्याकडेही नव्हता. त्या दिवसांत माय किसलेला पेरूही खात होती, तेव्हा सगळं श्रेय फोडींना देता येणार नाही. पण चुळीचं पाणी हळूहळू स्वच्छ झालं आणि ताटातली भाकरी संपू लागली.

तुळशीचं लग्न लागलं. वृंदावनापुढचा हिरवा आवळा मायनं उचलला, दातांनी कचकन फोडला, आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"घे. अन् सांग आता, संत्र्याहून किती पट आंबट आहे ते."