सहाव्या ओळीवरची शनिवारची टिक

माझ्याबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी यादी करणारी बाई आहे. बाजाराची, गणपतीची, पाहुण्यांच्या अंथरुणांची — सगळ्याची यादी. भूत, चकवा, संकेत असलं काही कुणी सांगायला लागलं की मी तारीख, वार, साक्षीदार विचारते. तिथेच बहुतेक गोष्टी संपतात... ही मात्र संपत नाही. तारीख, वार आणि साक्षीदार तिन्ही आहेत, आणि त्यातला वारच चुकीचा आहे.

केळवे आणि एडवणच्या मधलं, समुद्राकडेला असलेलं आमचं गाव. मी तिथली पोलीस पाटील. वय बावन्न. नवरा बोईसरला एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. नावं बदलली आहेत, बाकी काहीही बदललेलं नाही. ज्यांची ही हकिकत आहे त्यांना आधी वाचून दाखवली. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या. त्या सहाव्या ओळीमुळे ते आज ऐकायला हजर आहेत, म्हणून लिहिते.

कुणी बंदुकीचा परवाना मागितला की अर्ज पालघरला जातो आणि चौकशीसाठी पोलीस ठाण्यात येतो. माणसावर गुन्हा आहे का, कुणाशी वैर आहे का, दारू पितो का, डोकं ठिकाणावर आहे का, बंदूक ठेवायला कुलपाचं लोखंडी कपाट आहे का... शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे. हवालदार येतो, पण गाव त्याला काय माहीत? म्हणून सोबत पोलीस पाटील लागते. माझी सही छोटी असते, पण सगळे तिच्याकडे बघून पुढे सही करतात.

मागच्या वर्षी हिवाळ्यात हरूभाऊंचा अर्ज आला. हरूभाऊ तारापूरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. घरामागे नारळ-सुपारीची वाडी, तिच्या सावलीत पानवेल. बायको, मंदावहिनी, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी नाशिकला. अर्जात कारण — ‘रानडुकरांपासून पिकाचे संरक्षण’. हरूभाऊंवर कधी कुणाची तक्रार नाही. उलट गावात कुणाची मोटर बिघडली तर हातातला घास ठेवून जाणारा माणूस.

गुरुवारी मी आणि हवालदार धोडे निघालो. धोडे जव्हारकडचे, तिशीतले, बोलायला मोकळे. माझ्या वहीत शेजारची पाच घरं लिहिलेली. माझी पद्धत अशी — काम झालं की टिक, टिकपुढे वार आणि वेळ, सगळं संपलं की खाली दोन रेघा. काम व्हायच्या आधी टिक मी आयुष्यात केलेली नाही. नवऱ्याचं रेशन कार्ड याच कारणावरून तीन महिने अडलं होतं.

पाचही घरांत एकच सूर. देवमाणूस. तिसऱ्या घरी जनाआत्या होती, सत्तरीची, अंगणात सुके बोंबील उलटत बसलेली. ती म्हणाली, “अगो सुलभा, डुकरं? माज्या कोनफळाला एकानं तोंड लावला नाय आजवर.”

“मग तसं लिहू का, आत्या?”

“नको गो! शेजारी हाय. मागतोय तर मिळू दे. आमच्या बोलण्यानं त्याचा कागद कशाला अडवू?”

मी लिहिलं, ‘हरकत नाही’. ही चूक आमच्यासारख्या गावातच होते. शेजाऱ्याचा कागद अडवणं म्हणजे पाप, असं सगळे धरून चालतात. मीही.

शेवटी हरूभाऊंकडे कपाट बघायचं होतं. आतल्या खोलीत हिरवं गोदरेजचं कपाट. मंदावहिनीचं. दाराला तिची टिकली अजून चिकटलेली. हरूभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. धोड्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. बाईमाणसाचं, त्यातून गेलेल्या बाईचं कपाट उघडा कसं म्हणायचं? धोड्यांनी त्यांच्या कागदावर लिहिलं, ‘कपाट आहे, कुलूप आहे’. आम्ही निघालो. घरी येऊन पाच ओळींखाली दोन रेघा मारल्या आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवली.

शुक्रवारी सकाळी धोडे आले. सोमवारी अहवाल जायचा होता, त्यांना शेजाऱ्यांची नावं हवी होती. मी वही काढून पान उघडून दिलं आणि चहा ठेवायला आत गेले. त्यांनी मोबाईलवर पानाचा फोटो काढला. मग आतपर्यंत ऐकू आलं —

“ताई, घरं पाचच ना आपली?”

“पाचच.”

“मग ही सहावी ओळ? टिक पन हाय. शनिवारची. आज तर शुक्रवार हाय.”

मी हात पुसत बाहेर आले. पाचव्या ओळीखाली, दोन रेघांच्या वर, व्यवस्थित जागा घेऊन लिहिलं होतं:

६. कपाट — उघडून पाहिले. ✓ शनि., दु. ४.१०

अक्षर माझं. शाई माझ्याच पेनाची. टिकची शेपटी लांब गेलेली. वही मांडीवर ठेवून लिहिलं की माझी तशीच जाते. टेबलावर कधीच नाही.

धोडे हसले. “उद्याचं काम आजच? पोलीस खात्यात घ्यायला पायजे तुमाला.”

मीही हसले. म्हटलं, रात्री झोपेत लिहिलं असेल. मी चुका करते, नाही असं नाही. पण वेळ घालून चूक कोण करतं?

चहा पिता पिता धोडे सहज म्हणाले, “एक इचारू? आमच्या गावात डुकरं येतात. भातात शिरली की समदा चिखल करून जातात. काल मी भाऊंची वाडी बघितली... पायाचा एक ठसा नाय, कुठं उकरलेलं नाय.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तुमी गावच्या. तुमी काय बोलला नाय, मी म्हटलं असतील डुकरं.”

म्हणजे धोडे माझ्या भरवशावर, मी जनाआत्याच्या, आणि जनाआत्या शेजारधर्माच्या. तीन माणसांना डुकरं नाहीत हे माहीत, आणि कागदावर डुकरं हजर! मी लगेच हरूभाऊंना फोन लावला. ते पालघरला गेले होते. मग ठरवलं, सोमवारी सकाळी जाऊ. शनिवारी तर मुद्दाम जायचं नाही. एक ओळ मला हुकूम सोडणार? माझी वही, माझी ओळ... मी सोडणार हुकूम.

शिवाय शनिवारी मला पालघरला बचत गटाचं प्रशिक्षण होतं, पाच वाजेपर्यंत. पण शिकवायला येणाऱ्या बाईंना ताप आला आणि तीन वाजताच सगळ्यांना सोडलं. रिक्षा मिळाली. गावाच्या फाट्यावर उतरून चालत निघाले तर हरूभाऊंचं फाटक सताड उघडं. फाटकात त्यांची मांजर बसलेली, रस्त्याकडे तोंड करून. मी घड्याळ बघितलं नाही. खरंच मुद्दाम बघितलं नाही. म्हटलं, एवढ्याजवळ आलेय तर डुकरांचं तरी विचारू.

हरूभाऊ ओटीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. घर झाडून-पुसून लख्ख.

“काय गो सुलभा?”

“कपाट उघडून बघायचं राहिलं परवा.”

“बघितलंत ना.”

“बाहेरून बघितलं. माझ्या यादीत आलंय ते.”

“तुझी यादी!” ते थोडं हसले. “मंदा म्हणायची, यम आला तरी सुलभा सांगेल त्याला... थांब जरा, दोन कामं राहिलीत.”

“सांगेनच. चावी?”

त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं.

मी कपाट उघडलं. मला वाटलं होतं, साड्या असतील. साड्या होत्या... पण गाठोड्यांत बांधलेल्या, प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी. मुलीचं नाव, जनाआत्याचं नाव. मधल्या कप्प्यात वाडीचे कागद, पासबुकं, वीज बिलं, सगळं क्लिपा लावून. आणि वर एक कागद. यादी.

मोटर कशी चालू करायची. पानवेलीला पाणी एक दिवस आड, सकाळी. सुपारी कुणाला उतरवायला सांगायची. गॅस बंद करणे. आणि शेवटची ओळ — ‘मांजर — सुलभाकडे. ती वेळेवर खायला घालेल.’

यादी मला वाचता येते हो. माणूस गावाला जाताना अशा याद्या करतो. मी स्वतः किती केल्यात. पण त्यात एक ओळ असतेच, परत कधी येणार त्याची. कागद उलटून बघितला. पाठ कोरी होती. परतीची ओळच नव्हती.

मी तिथेच खाली बसले. मांजर मागोमाग आत आली होती, ती मांडीला घासली.

“हरूभाऊ,” मी म्हटलं, “वाडीत डुकरं येतात का हो?”

ते दारात उभे होते.

“नाय गो,” ते म्हणाले. “एक पन नाय.”

“मग बंदूक...”

“तुला कळलंय. कशाला बोलायला लावतेस?”

मग ते रडले. साठीचा माणूस, मोठ्याने. मी दोन वर्षं त्यांच्या फाटकावरून जाता-येता ‘काय भाऊ, बरंय ना?’ विचारत होते आणि उत्तराला न थांबता पुढे जात होते. या प्रसंगात काय करायचं याची यादी माझ्याकडे नव्हती. मी एवढंच म्हटलं, “मांजर मी घेणार नाही. मला मांजर आवडत नाही. तुमची तुम्ही सांभाळा.” ते रडता रडता हसले. आणि मी फोन काढला.

धोड्यांना फोन लावला तो ४.१४ ला. फोनमध्ये नोंद आहे. त्याच्या आधी किती मिनिटं मी जमिनीवर बसले होते त्याचा हिशोब तुम्ही करा. मी केलाय.

धोडे अर्ध्या तासात आले, युनिफॉर्ममध्येच, पण टोपी मोटरसायकलला अडकवून. “भाऊ, चौकशीला नाय आलो. च्या प्यायला आलो,” असं म्हणून सरळ ओटीवर मांडी घालून बसले आणि चहा स्वतःच करून तिघांना दिला. साखर इतकी घातली होती की हरूभाऊ म्हणाले, “हा गुन्हा हाय रे.” मी मुलीला नाशिकला फोन केला. ती त्याच दिवशी निघाली.

सोमवारी हरूभाऊंनी स्वतःच्या हाताने अर्ज मागे घेतला. मुलीने पालघरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या आहेत, दर पंधरा दिवसांनी बोलणं आहे. सुरुवातीचे महिने सोपे नव्हते. काही दिवस ते फाटक उघडायचेच नाहीत, तेव्हा जनाआत्या कुंपणावरून आमटीचं भांडं आत द्यायची आणि भांडं परत मागायला मुद्दाम दोनदा यायची. आता बरं आहे. अगदी पूर्वीसारखं नाही, पण बरं आहे. मागच्या महिन्यात त्यांनी शाळेचा पंप दुरुस्त केला आणि मुख्याध्यापकांना वायरिंगवरून सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

आता त्या ओळीचं. मी शक्यता लिहून काढल्या. झोपेत लिहिलं — पण मग दुपारचे चार दहा कुठून आले? शिकवणाऱ्या बाईंच्या तापाची मला काय कल्पना? नंतर लिहिलं आणि आधी लिहिल्याचा भास झाला — नवऱ्याचं हे लाडकं मत. पण धोड्यांच्या मोबाईलमध्ये फोटो आहे. शुक्रवार, सकाळी ११.२६. त्यात सहावी ओळ आहे, टिक आहे, शनिवार आहे. नवऱ्याने तो मोठा करून, उलटासुलटा करून बघितला आणि ते मत सोडून दिलं. कंपनीत सांगितलं तर त्याचा एक कामगार म्हणाला, “साहब, भाभीजी से मेरे प्रमोशन पे भी टिक लगवा दो.”

शनिवारी घरी येऊन मी वही उघडली, टिक करायला. टिक होतीच. आयुष्यात पहिल्यांदा काम पूर्ण करून आले आणि करायला टिक उरली नव्हती. नुसतं पानावर बोट ठेवून बसले.

त्यानंतर तीन अर्ज आले. तिन्ही वेळा मी मुद्दाम एक ओळ मोकळी सोडून वही रात्रभर उघडी ठेवली. काही उमटलं नाही. मग मोकळ्या ओळीत मीच लिहिते — ‘कपाट — उघडून पाहणे’, आणि खरंच उघडून बघते. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

वहीच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवलाय — ‘शुक्रवारी शनिवारची टिक कोणी केली?’ त्यापुढची जागा रिकामी आहे. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर सांगा, फोटो दाखवायची माझी तयारी आहे.

मघाशीच हरूभाऊंचा फोन आला होता. उद्या सकाळी पानवेल बांधायची आहे, दोन हात कमी पडतायत, ये म्हणाले. ओळ लिहिली आहे — मी स्वतः, टेबलावर, आत्ता. टिक उद्या, जाऊन आल्यावर.