गोलाचा चौकोन

गेल्या वर्षी भोकरला घराच्या पायरीवरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं, पण बोटं काही मिटेनात. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो बघितला. हाड नीट जुळलंय म्हणाले. "आता बोटं चालवा. नाही चालवलीत तर अशीच आखडून राहतील."

त्यांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. दोन दिवस दाबला. दुखायचं आणि फरक काही दिसायचा नाही, म्हणून सोडून दिला. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात, आणि आता शर्टाची गुंडी लावायलाही बायकोला हाक मारावी लागे. ती मुकाट्यानं लावून द्यायची. मला मात्र आपण कायमचे असेच राहिलो तर, या विचारानं घास जात नसे.

आमची मुलगी लातूरला असते. तिला तेव्हा आठवा महिना होता, आणि बायकोनं बाळासाठी गोधडी करायला घेतली होती. नेहमीची धावदोऱ्याची नव्हे. मोबाइलवर बघून तिनं जुन्या सुती साड्यांचे ताटलीएवढे गोल कापले होते. गोलावर पुठ्ठ्याचा चौकोन ठेवायचा, चारी बाजूंनी कापड आत दुमडायचं, घडी नखानं दाबायची, मग पुठ्ठा काढून तिथं फुलाफुलाचा तुकडा बसवायचा. गोलाचा चौकोन होतो आणि त्यावर चार पाकळ्या येतात. असे चौकोन एकमेकांना जोडत जायचे.

एका दुपारी तिनं गोलांची चळत माझ्यापुढे सरकवली. "जरा घड्या घालून द्या. मला एकटीला लई वेळ लागतोय."

"माझ्यानं कसं होईल?"

"न्हाई झालं तर ऱ्हाऊ द्या. कापड काय, पुन्हा उलगडता येतं."

पहिल्या दिवशी तीन गोल झाले. तिन्ही वाकडे. अंगठा पुढं जायचा, पण तर्जनी त्याच्याजवळ येईना. तिनं ते उलगडले नाहीत, तसेच शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी पाच झाले. पुढंपुढं दुपारचा चहा झाला की मीच चळत ओढून घेऊ लागलो. दुखायचं, पण हातातली घडी पुरी केल्याशिवाय सोडवत नसे.

महिनाभरानं पुन्हा नांदेडला गेलो. डॉक्टर म्हणाले, "मूठ वळा." वळली. पुरती घट्ट नाही, पण बोटांची टोकं तळहाताला टेकली. त्यांनी स्वतःचं बोट पुढं केलं, "दाबा." मी दाबलं.

"छान. आता भीती नाही," ते म्हणाले. शेजारच्या खुर्चीवर बायको पदरानं तोंड पुसत होती. तिलाही एवढी धास्ती होती, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर विचारलं, "तुला खरंच एकटीला जमत नव्हतं का गं?"

"आठ दिसांत झाली असती," ती म्हणाली. "पण तुम्ही तो चेंडू हातात धरतच न्हवता. मग काय करू?"

नात झाली तेव्हा गोधडी घेऊन लातूरला गेलो. मुलीनं ती पलंगावर पसरली, वाकड्या चौकोनांवरून हात फिरवला आणि विचारलं, "हे पपांचे का?" बायकोनं मान डोलावली. मुलीनं त्याच चौकोनांवर बाळाला निजवलं. परतताना बस सुटली तशी मला झोप लागली. कित्येक महिन्यांनंतरची पहिली गाढ झोप. कंडक्टरनं भोकर आल्याचं सांगून उठवलं.