कुलरच्या बटणातून उरलेला मसाला

लातुरात लेकरांच्या क्लासपायी खोली करून राहिलेल्या बायांनो, आज दुपारी काय झालं ते ऐका.

माझ्या खोलीतल्या कुलरचं प्लास्टिकचं बटण तुटलं. नवीन बसवा म्हटलं, तर घरमालक काका कालवून चिकटवायच्या मसाल्याच्या दोन ट्यूबा घेऊन हजर. "नवीन कशाला ताई? घरीच ओतून देतो की!"

साच्याला काय घेतलं? पोळ्यांसाठी मळलेली माझी कणीक! शेजारच्या कुलरचं बटण तिच्यात दाबून खळगा केला अन् दोन्ही ट्यूबांतला मसाला कालवून ओतला. तासाभरानं बटण निघालं, कणकीसकट. काकांचा तोरा असा, जणू कारखानाच काढला. मी ते कुलरला लावून फिरवलं, तर अर्धं हातात आलं.

हेही हसण्यावारी नेलं असतं. पण पोरीच्या पलंगाच्या उशाच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग आहे. मी कधीची सांगून राहिले. आज काका त्या भेगेकडं बघून म्हणाले, "मसाला उरलाय ताई, ती बी बुजवून टाकतो." अन् बुजवली! वरून चुना फासला.

खोली दाखवताना हाच माणूस डोळ्यांत पाणी आणून सांगत होता, "भूकंपात भिंती पडताना आम्ही बघितल्यात, ताई."

बघितल्यात म्हणे!

बायांनो, आज लेकराच्या उशाची भिंत नखानं टोकरून बघा. सिमेंट निघतंय, का उरलेला मसाला?